दीपगृहाचं स्थळ

थोरल्या सुनेला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. ते वर्ष मला दुसऱ्या कुठल्या खुणेने आठवत नाही. घरात चार मोठी माणसं, म्हणजे हिशेबाने आठ हात. पण कधीही बघावं तर त्यातला एकही मोकळा नसायचा. म्हणून कुणी विचारील, की एवढा घोटाळा होईपर्यंत तुम्ही मुलाला का नाही विचारलंत, तर त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवतो. विचारलं होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, हिला जरा धरा." मी नात घेऊन तासभर उभा राहिलो आणि कशाला आलो होतो ते विसरून परत गेलो.

काम तसं साधं होतं. मला थोडे फोटो दाखवायचे होते.

दाखवायचे होते उस्तादांना. ज्यांनी मला ट्रक शिकवला ते उस्ताद. एका गाडीवर आम्ही एकवीस वर्षं काढली. आता ते इथून नऊ तासांवर, लेकीच्या घरी, खिडकीजवळच्या कॉटवर होते. नाकात नळी, उशाशी गुरगुरणारं यंत्र. हिवाळा निघाला तर निघाला, असं डॉक्टरांनी लेकीला सांगितलं होतं, आणि तिने मला.

आमच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर एक दीपगृह आहे. दीपगृह हा शब्द मी अलीकडे शिकलो. गाडीवर आम्ही त्याला खांब म्हणायचो. त्या खांबाखालून आम्ही शेकडो वेळा गेलो असू आणि दर वेळी उस्ताद म्हणायचे, "परतीला थांबू रे. वर चढून बघू, आपला रस्ता वरून कसा दिसतो." परतीला कधी मासळी असायची, कधी बर्फ. थांबता येईल असा माल आम्हाला कुणी कधी दिला नाही. त्या पावसाळ्याच्या शेवटी फोनवर ते मला म्हणाले, आवाज अगदी कागदासारखा पातळ, "हॉर्न, तो खांब राहिलाच बघ." मला ते हॉर्न म्हणतात. कारण सांगण्यासारखं नाही.

मी आणि बायको लगेच गेलो. एकशे ब्याण्णव पायऱ्या. नव्वदीपर्यंत बायको माझ्याशी बोलत होती, पुढे देवाशी. वर गेल्यावर मी दोनशे बारा फोटो काढले आणि खाली उतरताच सगळे एकदम उस्तादांच्या लेकीला पाठवले. ती त्या वेळी औषधाच्या दुकानात होती. फोनवरची चिठ्ठी दुकानदाराला दाखवत होती. चिठ्ठीच्या जागी समुद्र आला, मग पुन्हा समुद्र, मग माझा अंगठा, आणि मग फोनच थिजला.

"काका," तिने दुसऱ्या फोनवरून सांगितलं, "असे सुटे पाठवू नका. बाबांना फोनवरचं बारीक दिसतही नाही. तुम्ही ते कुठेतरी एका जागी ठेवा, नेटवर, माहिती लिहून. मी इकडे टीव्हीवर लावून देईन."

माहिती लिहून, हे तिने सहज म्हटलं. पण मला ते छातीत लागलं. चांगल्या अर्थाने. कारण मी लिहू शकतो, हे उस्तादांना ठाऊकच नव्हतं.

चौतीस वर्षं मी एकही अक्षर न वाचता ट्रक चालवला. पाट्या आणि पावत्या उस्ताद वाचायचे. ते नसले की मी झाडांवरून, पुलांवरून आणि उकिरड्यांवरून गावं ओळखायचो. कधीही चुकीच्या गावात माल उतरवला नाही. त्रेसष्टाव्या वर्षी नगरवाचनालयातल्या दुपारच्या वर्गात वाचायला शिकलो आणि त्यानंतर दोनदा चुकीच्या बसमध्ये बसलो. ते असो. ठरवलं ते असं, की दीपगृहाचे फोटो आणि खाली माझ्या हातची हकीकत उस्तादांसमोर आपोआप यावी, आणि त्यांनी विचारावं, हे कुणी लिहिलं? एवढंच हवं होतं. आता फक्त जागा निवडायची होती.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. कुणी नुसतं सल्ला या दिशेने तोंड वळवलं तरी त्यांना वरून दिसतं. ते फायली घेऊनच खाली आले.

"घाई करू नका," ते म्हणाले. "आधी तुलनात्मक तक्ता करू. प्रत्येक संस्थेला पत्र घालू, अटी मागवू, मग निर्णय."

"पत्र कुठे घालायचं?"

हेडक्लार्कनी दोन दिवस शोधलं. "पत्ताच देत नाहीत हो हे लोक," ते अत्यंत दुखावून म्हणाले. "मुख्य कार्यालय नाही, शाखा नाही, कामाची वेळ नाही. अशा माणसांकडे तुम्ही फोटो ठेवायला निघालात?"

तळमजल्यावर पडदेवाली राहते. ती पडदे शिवते आणि शिवलेले पडदे फोनवर हलवून दाखवते, एवढ्यावर तिला बारा हजार माणसं बघतात. मला ती शहाणी वाटते. ती म्हणाली, "काका, तक्ता कसला करताय? मी आहे तिथेच या. फोटो टाका आणि कथा टाका. लोक कथाच बघतात."

कथा हा शब्द ऐकून मी तिथेच नाव घातलं. चार दिवस बसून, एका बोटाने, दीपगृहाची कथा लिहिली. जोडाक्षर आलं की बायको शेजारून सांगायची. पाचव्या दिवशी दुपारी ती कथा वर चढली. सहाव्या दिवशी दुपारी बघतो तर कथा नाही.

मी तळमजल्यावर गेलो. "माझी कथा गेली."

"जातेच ती, काका. चोवीस तासांनी आपोआप."

"जाते म्हणजे कुठे जाते?"

तिने शिलाईचं मशीन थांबवलं. असा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. "कुठे म्हणजे... संपते."

"आणि हे माहीत असून लोक लिहितात?"

"रोज."

मी जिना चढून वर आलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा लिहा. आखूड होईल, वाचणाऱ्याचाही फायदा." मग तिने चष्मा लावून माझा फोन बघितला. "हे काय लिहिलंय, अनुयायी सात?"

तोवर माझं तिकडे लक्ष नव्हतं. अनुयायी हा शब्द वर्गात आला होता, तो एका मोठ्या साधूच्या धड्यात. मला सात अनुयायी झाले होते आणि मी अजून कसलाही उपदेश केला नव्हता. नाही म्हटलं तरी दोन दिवस मी जरा ताठ चाललो. नंतर कळलं, की सातातले तीन पडद्याचं कापड विकतात आणि एक स्वतः पडदेवालीच आहे.

दुसऱ्या जागेचा सल्ला हेडक्लार्कचा. तिथे फक्त प्रवाशांचीच वस्ती आहे, लिहिलेलं वर्षानुवर्षं राहतं, असं त्यांच्या तक्त्यात निघालं होतं. नाव घालताना मध्येच एक चौकट आली. मी यंत्र नाही, याची खात्री पटवायची होती. नऊ छोटे फोटो, आणि वर लिहिलेलं: ट्रक असलेली सर्व चित्रं निवडा.

मला हसूच आलं. बायकोला हाक मारली, हेडक्लार्कना खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत माझ्या विषयाचा पेपर आला होता. मी नीट बघितलं. पहिल्या फोटोत टँकर होता. दुसऱ्यात टिपर. तिसऱ्यात ट्रेलरचा मागचा भाग, पुढचं इंजिन फोटोच्या बाहेर. चौथ्यात भाजीची पिकअप. एक बस, दोन रिकामे रस्ते, एक झाड. आणि एक ट्रक; सहा चाकी, जुन्या धाटणीचा, मागचे टायर घासलेले. मी त्या एकावर बोट ठेवलं.

पुन्हा प्रयत्न करा, असं आलं.

"टँकरवरही लावा की," हेडक्लार्क म्हणाले.

"टँकर हा ट्रक नाही."

"त्याला वाटतोय ना पण."

"त्याला वाटून काय उपयोग? वळणावर टँकरमधलं पाणी एका बाजूला जातं तेव्हा ब्रेक कसा मारायचा, हे त्याला विचारा."

पाच वेळा मी खरं उत्तर दिलं आणि पाच वेळा यंत्राने मला यंत्र ठरवलं. चौतीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला, ट्रक ओळखता येत नाही म्हणून, तू माणूस नाहीस असं सांगितलं गेलं. मी फोन टेबलावर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. परत येतो तर बायको आत पोहोचलेली.

"कसं केलंस?"

"जे जे मोठं दिसलं त्याला बोट लावलं."

पण माझी मानखंडना एवढ्यावर भागायची नव्हती. नाव खरं वाटत नाही, ओळखपत्र दाखवा, असं पुढचं पान म्हणालं. माझ्याकडे तीन कागद आहेत आणि तिन्हींवर माझं नाव तीन प्रकारे लिहिलंय. एकावर वेलांटी पहिली, एकावर दुसरी, आणि लायसन्सवर वडिलांच्या नावाच्या जागी गावाचं. तिन्ही चुका मी त्या त्या वेळी अंगठा उठवून मंजूर केलेल्या. हेडक्लार्कनी तिन्हींच्या प्रती जोडून एक अर्ज धाडला. उत्तर आलं: आपण आपणच आहात याची खात्री पटलेली नाही, तपासणीला तीस दिवस लागतील.

त्याच दिवशी उस्तादांच्या लेकीचा निरोप आला. "बाबांनी काल पुन्हा विचारलं, हॉर्नचा खांब आला का."

तीस दिवस. मी कॅलेंडरसमोर उभा राहून हिवाळा मोजला. तो फार लांब नव्हता.

आता तिसऱ्या जागेबद्दल. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्या लोकांनी माझं काही वाईट केलं नाही. त्या नावात स्थळ हा शब्द होता, एवढं सांगतो. मी वाचनालयातल्या फलकावर प्रेक्षणीय स्थळं हा शब्द वाचलेला. हेडक्लार्कनी अख्खी हयात कार्यस्थळ, जन्मस्थळ, हजर राहण्याचे स्थळ असं लिहीत काढलेली. आम्हा दोघांनाही शंका यायचं काही कारण नव्हतं. आपल्या स्थळाची माहिती भरा, असं मोठ्या अक्षरात होतं, आणि खाली फॉर्म. फॉर्म बघून हेडक्लार्कचा चेहरा उजळला.

"याला म्हणतात संस्था," ते म्हणाले. "रकाने बघा. उंची, रंग, जन्मवर्ष, नोकरी, स्वभाव, अपेक्षा. कुणीतरी जबाबदार माणूस बसलाय यामागे."

मी लिहायला बसलो. उंची: एकशे चाळीस; फूट हा शब्द रकान्यात मावला नाही. रंग: पांढरा, खाली थोडं काळवंडलेलं. जन्मवर्षात अठराशे एकोणनव्वद बसेना. तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, शेवटची मोठी डागडुजी झाली ते वर्ष घाला. नोकरीच्या रकान्यापाशी मी थबकलो.

"सरकारी लिहा," हेडक्लार्क म्हणाले. "सरकारच्याच ताब्यात आहे ना?"

स्वभावापाशीही थबकायला हवं होतं, पण तोवर मला लिहिण्याची गोडी लागली होती. मी लिहिलं: शांत. कितीही वारा असला तरी जागचं हलत नाही. समुद्राकडे तोंड करून एकटं उभं असतं. अपेक्षा म्हणजे काय, यावर आमची थोडी चर्चा झाली; येणाऱ्याकडून काय अपेक्षा आहे तेच असणार, असं ठरलं. मी लिहिलं: सकाळी लवकर यावे. गुडघे चांगले असावेत. वर गेल्यावर दमून परत फिरू नये.

फोटो दोन मागितले होते. एक पूर्ण उंचीचा, एक जवळून. दीपगृहाचा फोटो पूर्ण उंचीचाच हवा, हे ज्याला सुचलं त्याचं मला कौतुक वाटलं. तासाभरात सगळं वर गेलं, आणि ओळखीच्यांना कळवा असं बटण आलं. मी उस्तादांच्या लेकीच्या नावावर बोट ठेवलं. तिच्याकडे काय गेलं ते मी वाचलं नाही. तेवढं वाचलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. तिच्याकडे गेलं होतं: आपल्या परिचितांनी आपल्यासाठी एक सुयोग्य स्थळ पाठवले आहे.

उस्तादांची लेक शाळेत गणित शिकवते. लहानपणी आमच्या केबिनमध्ये बसून पाढे म्हणायची. आम्ही चुकलो की गिअरच्या दांड्यावर पट्टी मारायची. लग्न केलं नाही. चाळिशी उलटली, आणि आता बापाचं सगळं तीच बघते. संध्याकाळी तिचा फोन आला.

"काका, तुमचं स्थळ मिळालं." आवाज शाळेतला होता.

"बघितलंस ना?"

"उघडलं नाही. मला बघायचं नाही."

मला वाटलं, दमली असेल. "अगं, तू नको बघूस. बाबांना दाखव. त्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे."

"बाबांच्या ओळखीचं?"

"एकवीस वर्षांच्या. त्यांचीच इच्छा होती म्हणून तर मी एवढी खटपट केली."

पलीकडे नुसतं ते यंत्र गुरगुरताना ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "बाबा असं म्हणाले? तुम्हाला?"

"स्वतः. एवढं एक राहिलं म्हणाले."

"मला एका शब्दाने बोलले नाहीत."

"तुला कशाला त्रास देतील? तू आधीच किती करतेस. आणि हे बघ, घाई कर बरं का. दिवस थोडे आहेत."

"काका, मी त्यांना सोडून कुठेही जाणार नाहीये."

"जाऊच नकोस. हे सगळं घरबसल्या होतं. मोठी सोय आहे."

तिने फोन ठेवला. बायको म्हणाली, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "खूश आहे, पण दमलीय."

त्यानंतर सहा दिवस तिने माझा फोन घेतला नाही. मी उस्तादांच्या फोनवर करून बघितला, तो बंद. सातव्या दिवशी फोन वाजला, पण नंबर अनोळखी. बोलणारे गृहस्थ फार सभ्य होते.

"नमस्कार. आम्ही आपलं स्थळ बघितलं. आवडलं."

"आवडणारच," मी म्हटलं.

"फक्त फोटो नीट कळला नाही. मागचं दीपगृह स्पष्ट आहे, पण पुढे कुणी दिसत नाही."

"पुढे कोण असणार? मी फोटो काढत होतो."

"बरं, बरं. आणि उंची एकशे चाळीस, जरा कमी वाटते."

"कमी?" मला राग आला. "अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्याहून उंच दुसरं कुणी नाही. मी सगळा किनारा बघितलाय."

"रागावू नका. आपल्याला चौकशी तर करावी लागते. नोकरी सरकारी म्हणता, तर सगळं चालतं कशावर? पगारावरच?"

मला चालतं कशावर एवढंच नीट ऐकू आलं. "पूर्वी तेलावर चालायचं. आता वीज आलीय."

"घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही. आधी एक रखवालदार बायकोमुलांसकट राहायचा. यंत्र बसवल्यावर त्यांना काढलं."

"म्हणजे आमच्या ताईला एकटीलाच राहावं लागेल."

"राहायचं कसलं? पाच वाजले की खाली उतरवतात सगळ्यांना."

मग हळूच म्हणाले, "साहेब, मुलगा कुठे आहे?"

"आत झोपलाय. जुळ्यांनी रात्रभर जागवलं त्याला."

"जुळी आहेत?"

"दोन्ही मुली."

"अहो, लग्नाचा मुलगा विचारतोय मी."

पुढचं सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांचा आवाज शेवटपर्यंत सभ्यच राहिला, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. फोन ठेवताना ते म्हणाले, "वर्णन मात्र आमच्या ताईला फार आवडलं होतं हो. शांत आहे, जागचं हलत नाही. असं हल्ली कुणी लिहीत नाही."

मी खुर्चीत बसून राहिलो. हेडक्लार्क खाली आले, ऐकलं, आणि म्हणाले, "म्हणजे फॉर्मचा दोष नव्हता." बायकोने त्यांच्याकडे बघितलं तसे ते वर गेले.

"तुम्ही उस्तादांच्या लेकीला काय बोललात," बायको म्हणाली, "ते मला शब्दाला शब्द सांगा."

मी सांगितलं. एवढं एक राहिलं, इथवर ती ऐकत होती. घाई कर, दिवस थोडे आहेत, यावर तिने डोळे मिटून घेतले. घरबसल्या होतं, मोठी सोय आहे, हे मी सांगितलंच नाही; पण तिला ते दिसलं असावं.

"चपला घाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरली. बायकोने पाटी स्वतः वाचली. नऊ तास ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. सगळी स्थळापाशी येऊन अडकत होती.

दार लेकीने उघडलं. डोळे सुजलेले. "या," एवढंच म्हणाली. बायकोने तिथेच, चपलाही न काढता, तिचा हात धरला आणि मला कोपराने ढोसलं.

"पोरी," मी म्हटलं, "ते स्थळ दीपगृह आहे."

"काय?" ती म्हणाली.

"म्हणजे खरंच दीपगृह. समुद्रावरचं. मला वाटलं, स्थळ म्हणजे जागा. तुझ्या बाबांना वरून रस्ता बघायचा होता. लग्नाचं मी काहीच म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं, पण दीपगृहाबद्दल."

ती चौकटीला टेकली. "मी बाबांना विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही काकांना तसं बोललात का, म्हणून. ते म्हणाले, बोललो. जायच्या आधी एकदा बघायचंय, म्हणाले. मी म्हटलं, माझा विचार नाही. तर म्हणाले, तुझ्या विचाराचा काय संबंध? हॉर्नने आणलंय ना, मग बघू दे की मला." तिचा आवाज फुटला. "सात दिवस मी त्यांच्याशी औषधांपुरतं बोलतेय, काका. त्यांना कारणही कळत नाहीये."

मी आयुष्यात दोन गाड्या उलटवल्या आहेत. दोन्ही वेळा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं.

आत उस्ताद उशांना टेकून बसले होते. निम्मे राहिले होते. मला बघून म्हणाले, "हॉर्न, हिला काय झालंय रे? तुझा खांब मागितला तर घरात मौनच पाळायला लागली."

लेकीने भिंतीवरच्या टीव्हीला फोन जोडला आणि माझं ते पान लावलं. वर दोन कुठली तरी फुलं, मध्ये पूर्ण उंचीचा पांढरा खांब. तिने वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचायला घेतलं. उंची, रंग, सरकारी नोकरी. स्वभावापर्यंत तिचा आवाज सरळ होता. "अपेक्षा," ती म्हणाली, "गुडघे चांगले असावेत," आणि खालीच बसली, जमिनीवर, तोंडावर ओढणी धरून. उस्तादांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तसे ते असे हसले, की उशाशी यंत्र ओरडायला लागलं. बायको घाबरून पाणी आणायला धावली, लेक उठून नळी बघायला लागली, आणि उस्ताद हात हलवत होते, की थांबा, वाचा, पुढे वाचा.

श्वास बसल्यावर त्यांनी चष्मा मागितला. टीव्हीकडे बघत, ओठ हलवत, सगळं पुन्हा स्वतः वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"सांगितलंस तू. लिहिलं कुणी?"

"मीच लिहिलं, उस्ताद. वर्गाला जात होतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा टीव्हीकडे. "'कितीही'मधला ती दीर्घ आहे," ते म्हणाले. "तो बरोबर काढलास." थोड्या वेळाने म्हणाले, "'काळवंडलेलं' चांगला शब्द आहे."

मग लेकीने माझ्या फोनवरून वरचे फोटो लावले. दोनशे बारातला एकशे सहावा. खाली रस्ता, काळी रेघ, डोंगराला लागून वळत गेलेली, आणि तिच्यावर नखाएवढा एक ट्रक. उस्तादांनी बोटाने ते मोठं वळण हवेतच गिरवलं. त्या वळणावर आम्ही दोघांनीही किती वेळा जीव मुठीत धरला होता, ते आमचं आम्हाला माहीत.

"एवढंसं आहे होय," ते म्हणाले. "वरून बघितलं तर काहीच नाही की रे."

जागा लेकीनेच निवडली. दहा मिनिटं लागली. नुसतं एक पान. वर फोटो, खाली लिहायला जागा, त्याखाली वाचणाऱ्याने काही म्हणायचं असेल तर तेवढी जागा. अनुयायी नाहीत, काही नाहीसं होत नाही, ट्रक ओळखावा लागत नाही. लग्नाच्या त्या पानावरून दीपगृह काढायला ती बसली तेव्हा कळलं, की त्याला एकोणीस पसंत्या आल्या होत्या. "माझ्या वाट्याला एवढ्या कधी आल्या नाहीत," ती म्हणाली, आणि बापाकडे बघून पुन्हा हसायला लागली.

त्यानंतर मी आणि बायको फिरतच राहिलो. आमच्या जुन्या रस्त्यावरचं एकेक ठिकाण: तो जकातनाका, ती घाटातली पाण्याची टाकी, गाडी अडकली होती तो लोखंडी पूल. मी फोटो टाकायचो, हकीकत लिहायचो. दुसऱ्या दिवशी खालच्या जागेत उस्तादांचं उत्तर असायचं. सुरुवातीला लेक लिहून घ्यायची, मग फोनवरचं अक्षर मोठं करून ते स्वतः एका बोटाने लिहायला लागले. कौतुक एकदाही नाही. पूल म्हणू नये, मोरी म्हणावी. त्या दिवशी गाडी मी चालवत नव्हतो, तू चालवत होतास, म्हणूनच ती अडकली. मी उत्तर द्यायचो, ते त्यावर उत्तर द्यायचे. हिवाळा आमच्या भांडणात निघून गेला. डॉक्टर लेकीला म्हणाले, आकडे तेच आहेत, पण माणूस सकाळी उठून फोन मागतो, हे मला कुठे लिहिता येत नाही.

एकदा मी लिहिलं, की घरून आलेली बायकोची पत्रं उस्ताद मला बंदरावरच्या धक्क्यावर बसून वाचून दाखवायचे, आणि प्रत्येक पत्राची सुरुवात प्रिय अशी असायची. ते वाचून बायकोने आयुष्यात पहिल्यांदा त्या खालच्या जागेत लिहिलं: "मी प्रिय कधीच लिहिलं नव्हतं. भाऊजी, हे काय आहे?"

उस्तादांचं उत्तर अर्ध्या तासात आलं. "वहिनी, तुम्ही लिहीत नव्हता, म्हणून मला वाचावं लागायचं."

बायको दोन दिवस माझ्याशी फार चांगली वागली. मला कारण विचारायचं धाडस झालं नाही.

एकूण सदतीस ठिकाणं झाली. हेडक्लार्क दर वेळी वाचतात आणि मजकुराला अनुक्रमांक द्या म्हणतात. पडदेवालीने ते पान तिच्या बारा हजार माणसांना दाखवलं, त्यातली काही अजून येऊन वाचतात. सदतिसावं ठिकाण बोगद्याचं. त्यावर उस्तादांनी एवढंच लिहिलं होतं: बोगद्यात दिवे नव्हते, तू दिवे लिहिलेस, पुन्हा लिही. मी बायकोला घेऊन बोगदा पुन्हा बघायला गेलो. दिवे आता आहेत, तेव्हा नव्हते. घरी येऊन दिवे खोडले आणि सगळं पहिल्यापासून लिहून वर टाकलं, ते सतरा ऑगस्टला. अठराला त्यांनी लिहिलं: आता बरोबर.

उस्ताद एकोणीस ऑगस्टला, बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, लेकीच्या घरीच वारले. वय एकोणऐंशी.